पूर्वेतिहासाची कसोटी : ओपेनहायमर सुरक्षा-चौकशीचे पुनरावलोकन

प्रास्ताविक

राज्याची गुपिते कोणाच्या हाती द्यावीत, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात अमात्यांच्या शुचितेची परीक्षा घेण्यासाठी धर्म, अर्थ, काम व भय अशा चार ‘उपधा’ सांगितल्या आहेत. जो ज्या परीक्षेस उतरेल त्याला त्या स्वरूपाच्या कामी नेमावे, असा त्याचा दंडक आहे. द्रव्याच्या मोहास न भुललेला अमात्य हा कोशाचे काम सांभाळण्यास योग्य ठरतो. ही परीक्षा कृत्रिम असली तरी ती व्यक्तीच्या वर्तमान आचरणाची होती. विसाव्या शतकातील राज्यसंस्थेने निराळी वाट धरली. व्यक्तीचे पूर्वायुष्य, तिचे मित्र व नातलग, तिने दिलेल्या देणग्या, तिच्या सवयी व कर्जे यांची नोंद करावयाची आणि त्या नोंदीवरून तिच्या भावी वर्तनाचे अनुमान बांधावयाचे, ही पद्धती रूढ झाली. अमेरिकेत अशा पडताळणीनंतर मिळणाऱ्या अनुमतीस ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘सुरक्षा-मंजुरी’ ही संज्ञा वापरली आहे.

या पद्धतीच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रकरण म्हणजे अणुशास्त्रज्ञ जे. रॉबर्ट ओपेनहायमर यांची १९५४ मधील चौकशी होय. मराठी वाचकांना ओपेनहायमर परिचित आहेत ते मुख्यतः त्यांच्या भगवद्गीतेच्या अभ्यासामुळे. बर्कली येथे आर्थर रायडर यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे धडे घेतले होते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वेगळा आहे. ओपेनहायमर यांच्या पूर्वायुष्यातील जवळजवळ सर्व वादग्रस्त घटना १९४३ अखेरपर्यंत घडून गेल्या होत्या. त्याच घटनांच्या आधारे १९४३ व १९४७ मध्ये त्यांना विश्वासार्ह ठरविण्यात आले आणि १९५४ मध्ये अविश्वासार्ह. भूतकाळ तोच राहिला असताना निर्णय का बदलला, या प्रश्नाचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

निकषांची वाटचाल

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाशी निर्माण झालेल्या वितुष्टाच्या काळात अमेरिकेतील निष्ठा-पडताळणीला व्यापक स्वरूप आले. १९४६ च्या अणुऊर्जा कायद्याने अणुगुपितांशी संबंध येणाऱ्या व्यक्तींचे ‘चारित्र्य, संबंध आणि निष्ठा’ तपासणे बंधनकारक केले. २१ मार्च १९४७ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी कार्यकारी आदेश क्र. ९८३५ काढून संघ-शासनाच्या मुलकी कर्मचाऱ्यांसाठी निष्ठा-तपासणी सुरू केली. या आदेशानुसार कर्मचारी देशाशी एकनिष्ठ नाही असे मानण्यास वाजवी कारणे असतील तरच त्याला काढता येत असे. १९५१ मध्ये हा निकष सैल करण्यात आला. निष्ठेविषयी वाजवी शंका असणे पुरेसे ठरू लागले. २७ एप्रिल १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेश क्र. १०४५० ने तर प्रश्नाचे स्वरूपच पालटले. संबंधित व्यक्तीची नेमणूक राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताशी स्पष्टपणे सुसंगत आहे काय, असा प्रश्न आता विचारला जाऊ लागला. मद्यपान, अनैतिक ठरविलेले वर्तन, समलैंगिकता, असत्य कथन अशा अनेक बाबी निष्ठेच्या जोडीला येऊन बसल्या.

या तीन टप्प्यांत सिद्धतेचा भार हळूहळू शासनाकडून व्यक्तीकडे सरकला. पहिल्या टप्प्यात शासनाने अनिष्ठा दाखवून द्यावयाची होती. तिसऱ्या टप्प्यात व्यक्तीने स्वतःचे निर्धोकपण दाखवून द्यावयाचे होते. ‘देशद्रोही’ आणि ‘सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक’ या दोन भिन्न कल्पना आहेत. परिणामी देशाशी पूर्णतः एकनिष्ठ असलेली व्यक्तीही धोकादायक ठरू शकत होती. ओपेनहायमर यांच्याबाबत नेमके हेच घडले.

ओपेनहायमर यांचा पूर्वेतिहास

ओपेनहायमर यांच्याविषयीच्या नोंदी तीन प्रकारच्या होत्या. पहिला प्रकार संबंधांचा. १९३६ पासून त्यांचा परिचय असलेल्या जीन टॅटलॉक या कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य होत्या. त्यांचे बंधू फ्रँक १९३७ मध्ये पक्षात दाखल झाले होते. १९४० मध्ये ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या कॅथरिन याही पूर्वी पक्षात होत्या आणि त्यांचे आधीचे एक पती, कम्युनिस्ट कार्यकर्ते, स्पॅनिश यादवी युद्धात १९३७ मध्ये मारले गेले होते. दुसरा प्रकार देणग्यांचा. स्पेनमधील प्रजासत्ताकवाद्यांसाठी ओपेनहायमर यांनी कम्युनिस्ट पक्षाशी संबंधित व्यक्तींमार्फत १९४२ पर्यंत पैसे दिले. आर्थिक महामंदी आणि फॅसिझमचा उदय यांनी अस्वस्थ झालेल्या त्या दशकातील अमेरिकी विद्यापीठांत असे संबंध विरळ नव्हते.

तिसरा प्रकार अधिक गंभीर होता. १९४२-४३ च्या हिवाळ्यात बर्कली येथील फ्रेंच भाषेचे प्राध्यापक व ओपेनहायमर यांचे स्नेही हाकॉन शेव्हालिए यांनी त्यांच्या कानी एक गोष्ट घातली. जॉर्ज एल्टेंटन नावाच्या रसायन-अभियंत्याकडे सोव्हिएत प्रतिनिधींपर्यंत वैज्ञानिक माहिती पोहोचविण्याचा मार्ग होता. ओपेनहायमर यांनी तत्काळ नकार दिला, परंतु ही बाब अधिकाऱ्यांना कळविण्यास त्यांनी अनेक महिने घेतले. ऑगस्ट १९४३ मध्ये लष्करी गुप्तवार्ता अधिकारी बोरिस पॅश यांच्यापुढे त्यांनी एल्टेंटन यांचे नाव घेतले. शेव्हालिए यांचे नाव मात्र त्यांनी दडविले आणि मध्यस्थाने तीन जणांशी संपर्क साधल्याची विसंगत कथा सांगितली. प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांनी आज्ञा केल्यानंतर डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी मित्राचे नाव उघड केले. ओपेनहायमर यांचे समर्थन करणाऱ्या अभ्यासकांनाही ही बाब नाकारता येत नाही. सुरक्षा अधिकाऱ्यापुढे केलेले असत्य कथन ही त्यांच्या पूर्वेतिहासातील खरी उणीव होती.

एकच नोंदवही, तीन निर्णय

यांपैकी राजकीय संबंधांची माहिती हाती असतानाच २० जुलै १९४३ रोजी ग्रोव्ह्ज यांनी ओपेनहायमर यांना विनाविलंब मंजुरी देण्याचा आदेश दिला. लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या कामासाठी ते अपरिहार्य आहेत, हे त्यामागील कारण होते. शेव्हालिए प्रकरण उघड झाल्यानंतरही त्यांना पदावरून दूर करण्यात आले नाही. १९४७ मध्ये नव्या अणुऊर्जा आयोगापुढे एफबीआयने संकलित केलेली माहिती आली. शेव्हालिए प्रकरणही तीत होते. आयोगाने व्हॅनेव्हार बुश, जेम्स कोनन्ट, ग्रोव्ह्ज आदींचे मत जाणून घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मंजुरी कायम केली. मंजुरी देणाऱ्या सदस्यांत लुईस स्ट्रॉस हेही होते.

त्यानंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने अणुचाचणी केली. ऑक्टोबर १९४९ मध्ये ओपेनहायमर यांच्या अध्यक्षतेखालील सर्वसाधारण सल्लागार समितीने हायड्रोजन बॉम्बच्या तातडीच्या निर्मितीस विरोध दर्शविला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ३१ जानेवारी १९५० रोजी हा सल्ला डावलला. दोनच दिवसांनी क्लाउस फुक्स यांना हेरगिरीबद्दल ब्रिटनमध्ये अटक झाली आणि ९ फेब्रुवारी रोजी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचे व्हीलिंग येथील भाषण गाजले. ७ नोव्हेंबर १९५३ रोजी काँग्रेसच्या अणुऊर्जाविषयक संयुक्त समितीचे माजी कार्यकारी संचालक विल्यम बोर्डेन यांनी ओपेनहायमर हे बहुधा सोव्हिएत हस्तक असावेत, असे पत्र एफबीआयला लिहिले. या पत्रात नवी घटना जवळजवळ नव्हती. जुन्याच घटनांचा, हायड्रोजन बॉम्बविषयीच्या मतभेदाच्या उजेडात लावलेला तो नवा अर्थ होता. डिसेंबर १९५३ मध्ये ओपेनहायमर यांची मंजुरी स्थगित करण्यात आली. २३ डिसेंबरच्या आरोपपत्रात २४ मुद्दे होते. त्यांतील बहुतेक पूर्वसंबंधांविषयीचे होते आणि शेवटचा हायड्रोजन बॉम्बला केलेल्या विरोधाविषयीचा. एव्हाना स्ट्रॉस आयोगाचे अध्यक्ष झाले होते.

ग्रोव्ह्ज यांची साक्ष या संदर्भात विशेष बोलकी आहे. ज्यांनी १९४३ मध्ये स्वतः मंजुरीचा आदेश काढला, त्यांनीच अणुऊर्जा कायद्याचा जो अर्थ आता लावला जात होता त्यानुसार आपण आज ओपेनहायमर यांना मंजुरी देणार नाही, असे १९५४ मध्ये सांगितले. बदल व्यक्तीत झाला नव्हता, मोजपट्टीत झाला होता, याची ही एका अर्थाने अधिकृत कबुलीच होय.

चौकशीची कार्यपद्धती

१२ एप्रिल ते ६ मे १९५४ या काळात वॉशिंग्टन येथे सुनावणी झाली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे अध्यक्ष गॉर्डन ग्रे, उद्योजक थॉमस मॉर्गन आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्ड इव्हान्स हे मंडळाचे सदस्य होते. तांत्रिकदृष्ट्या ही प्रशासकीय चौकशी होती. प्रत्यक्षात तिला फौजदारी खटल्याचे रूप आले, परंतु फौजदारी खटल्यातील आरोपीस मिळणारे संरक्षण तिच्यात नव्हते. सुनावणीपूर्वी मंडळाच्या सदस्यांनी सुमारे आठवडाभर एफबीआयची कागदपत्रे आयोगाचे वकील रॉजर रॉब यांच्या सान्निध्यात वाचली. ओपेनहायमर यांचे वकील लॉईड गॅरिसन यांच्याकडे सुरक्षा-मंजुरी नव्हती. त्यामुळे अनेक कागद त्यांना पाहता आले नाहीत आणि काही वेळा त्यांना कक्षाबाहेर जावे लागले. १९४३ मधील संभाषणाचे चोरून केलेले ध्वनिमुद्रण रॉब यांच्या हाती होते. ओपेनहायमर यांना मात्र अकरा वर्षांपूर्वीचे संभाषण स्मरणातून सांगावे लागत होते. त्यांचे वकिलांशी होणारे बोलणे एफबीआय गुप्तपणे ऐकत होती आणि ती माहिती स्ट्रॉस यांच्यापर्यंत पोहोचत होती.

पूर्वेतिहासाच्या तपासणीत असमतोल येतो तो येथे. संस्थेची स्मृती लिखित असते, तर व्यक्तीची स्मृती काळाबरोबर झिजणारी. कागद एका पक्षाच्या कपाटात असतील, तर दुसऱ्या पक्षाच्या स्वाभाविक विस्मरणालाही अप्रामाणिकपणाचे रूप येते.

निर्णय व त्यातील तर्क

२७ मे १९५४ रोजी मंडळाने दोन विरुद्ध एक अशा मताने मंजुरी पूर्ववत करू नये, अशी शिफारस केली. ओपेनहायमर देशाशी एकनिष्ठ आहेत आणि गुपिते राखण्याच्या बाबतीत ते विशेष सावध आहेत, असे याच बहुमताने मान्य केले होते. तरीही सुरक्षा-व्यवस्थेविषयीची बेफिकिरी, प्रभावाखाली येण्याची शक्यता आणि हायड्रोजन बॉम्बविषयीचे वर्तन ही कारणे त्यांनी पुढे केली. प्राध्यापक इव्हान्स यांनी भिन्न मत नोंदविले. हीच माहिती समोर असताना १९४७ मध्ये मंजुरी मिळाली होती आणि मधल्या काळात या व्यक्तीपासूनचा धोका वाढण्याऐवजी कमीच झाला आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

आयोगाने २९ जून १९५४ रोजी चार विरुद्ध एक मताने हाच निर्णय कायम केला, परंतु कारणे बदलली. हायड्रोजन बॉम्बचा मुद्दा बहुमताने बाजूला ठेवला आणि ‘चारित्र्यातील मूलभूत दोष’ व अयोग्य संबंध यांवर भर दिला. डिसेंबर १९५३ मध्ये पॅरिस येथे झालेली शेव्हालिए यांची भेटही त्यात जमेस धरण्यात आली. एकमेव विरोधी मत भौतिकशास्त्रज्ञ हेन्री डिवुल्फ स्माइथ यांचे होते. ओपेनहायमर यांच्या सल्लागारपदाचा करार दुसऱ्याच दिवशी, ३० जून रोजी, संपुष्टात येणार होता. मंजुरी तशीही निरर्थक होणार असता तिच्यासाठी एवढी यंत्रणा राबविण्यात आली, यावरून या निर्णयाचे प्रयोजन केवळ गुपितांच्या रक्षणाचे नव्हते, असे अनुमान काढता येते.

एखाद्या कृतीवरून चारित्र्याकडे झालेला हा प्रवास चिंताजनक आहे. ‘अमुक दिवशी असत्य सांगितले’ या विधानास मर्यादा असतात. काळ, हेतू व परिणाम यांच्या आधारे त्याचे मूल्यमापन करता येते. ‘चारित्र्यात मूलभूत दोष आहे’ या विधानास अशा मर्यादा नसतात. त्यातून सुटण्याचा मार्ग व्यक्तीपुढे उरत नाही.

नोंदीतील भूतकाळ आणि प्रत्यक्ष धोका

पूर्वेतिहासाची पडताळणी अनावश्यक आहे, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. लॉस अलामोस येथून गुपिते खरोखरच बाहेर गेली होती. फुक्स हे १९३२ मध्ये जर्मन कम्युनिस्ट पक्षात दाखल झालेले होते. ब्रिटिश पथकातून ते अमेरिकेत आले आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी ब्रिटिश पडताळणीवर विसंबून त्यांना प्रवेश दिला. येथे नोंद होती, पण तिचा योग्य वेळी विचार झाला नाही. दुसरे उदाहरण थिओडोर हॉल यांचे. वयाच्या अठराव्या वर्षी ते लॉस अलामोसला आले आणि १९४४ मध्ये त्यांनी सोव्हिएत संघास माहिती पुरविण्यास प्रारंभ केला. एवढ्या कोवळ्या वयात तपासण्याजोगा भूतकाळ असणार तरी किती? त्यांच्यावर कधीही खटला झाला नाही आणि त्यांचे कृत्य सर्वांसमोर आले ते १९९० च्या दशकात. ज्यांच्याविषयीची नोंद सर्वांत जाड होती, त्या ओपेनहायमर यांनी गुपित फोडल्याचा पुरावा मात्र पुढे आला नाही. तात्पर्य, पूर्वेतिहास हा विचारात घ्यावयाचा एक घटक आहे. एकट्या त्याच्या बळावर भविष्य वर्तविता येत नाही.

१९५४ नंतरचे बदल

१९५० च्या दशकातील निकषांची झळ केवळ राजकीय संबंध असलेल्यांना बसली नाही. समलैंगिक असल्याच्या संशयावरून हजारो कर्मचाऱ्यांना शासकीय सेवेतून जावे लागले. लष्कराच्या नकाशा विभागातील खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी यांना १९५७ मध्ये काढण्यात आले. त्यांनी या अन्यायाविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि २००९ मध्ये शासनाने त्यांची औपचारिक क्षमा मागितली. १९५९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रीन विरुद्ध मॅकेल्रॉय’ या निवाड्यात एका वैमानिकी अभियंत्याची मंजुरी काढण्याची कार्यवाही अवैध ठरविली. विरोधी साक्षीदारांची उलटतपासणी नाकारण्याचा अधिकार संबंधित खात्याला स्पष्टपणे मिळालेला नव्हता, हे त्याचे कारण. त्या अभियंत्याविरुद्धचे आरोप मुख्यतः त्याच्या घटस्फोटित पत्नीच्या संबंधांतून उद्भवले होते. १९६० मध्ये आयझेनहॉवर यांच्या नव्या आदेशाने औद्योगिक क्षेत्रातील मंजुरीसाठी सुनावणीची पद्धती घालून दिली. १९८८ च्या ‘नौदल विभाग विरुद्ध ईगन’ या निवाड्याने मात्र मंजुरी हा कोणाचा हक्क नाही, असे स्पष्ट केले.

१९९५ च्या कार्यकारी आदेश क्र. १२९६८ ने केवळ लैंगिक कलावरून किंवा मानसिक आरोग्याविषयी समुपदेशन घेतल्यावरून प्रतिकूल अनुमान काढण्यास मनाई केली. २०१७ मध्ये लागू झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ निकष आहेत. निष्ठा, परकीय प्रभाव, आर्थिक स्थिती, मद्यपान, अमली पदार्थ, व्यक्तिगत वर्तन यांचा त्यांत समावेश होतो. व्यक्तीचा समग्र विचार करावा, हे त्यांचे सूत्र आहे. कृतीचे गांभीर्य, तेव्हाचे वय व परिपक्वता, लोटलेला काळ, झालेली सुधारणा आणि पुनरावृत्तीची शक्यता या बाबी विचारात घ्यावयाच्या असतात. जाणूनबुजून माहिती दडविणे हा मात्र स्वतंत्र व गंभीर दोष मानला जातो. शंका उरल्यास ती राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने सोडवावी, हे जुने तत्त्वही कायम आहे.

ओपेनहायमर यांना १९६३ मध्ये फर्मी पुरस्कार देण्यात आला, पण मंजुरी परत मिळाली नाही. १८ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. १६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ऊर्जामंत्री जेनिफर ग्रॅनहोम यांनी १९५४ चा निर्णय रद्द केला. आयोगाने स्वतःचेच नियम मोडले आणि कार्यपद्धती सदोष होती, हे त्यामागील कारण होते. ओपेनहायमर यांना मंजुरी द्यावयास हवी होती की नाही, या मूळ प्रश्नाचा फेरविचार त्यात केला नाही. अडुसष्ट वर्षांनी दुरुस्त झाली ती प्रक्रियेतील चूक.

भारतीय संदर्भ

शासकीय सेवेत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी परिचित आहे. गोपनीय माहितीसाठीची मंजुरी आणि सर्वसाधारण सेवाप्रवेश यांत फरक असला, तरी भूतकाळावरून अनुमान काढण्याची रीत दोहोंत समान आहे. १९८३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातील एका शिक्षकाचे प्रकरण आले. नगरपालिकेची शाळा शासनाने ताब्यात घेतल्यावर हा शिक्षक शासकीय सेवेत आला होता. पूर्वी त्याने राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व जनसंघ यांच्या कार्यात भाग घेतल्याच्या पोलिस अहवालावरून त्याची सेवा संपविण्यात आली. न्यायालयाने राज्य शासनाची बाजू फेटाळली. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालपत्रात अमेरिकेतील मॅकार्थी काळाच्या अनुभवाचा आणि तेथील न्यायमूर्तींच्या मतांचा संदर्भ घेतला. विद्यार्थिदशेतील वा तारुण्यातील राजकीय सहभाग आयुष्यभराचा कलंक ठरू नये, असा त्यांचा आशय होता.

२०१६ च्या ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नाची दुसरी बाजू हाताळली. उमेदवाराने पूर्वीच्या गुन्ह्याची माहिती खरी दिली पाहिजे. तथापि तरुण वयात घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक बाबीची माहिती दडविली गेली असल्यास नियोक्त्याला ती दुर्लक्षिता येते आणि प्रत्येक प्रकरणी पदाचे स्वरूप पाहून निर्णय घ्यावयाचा असतो.

समारोप

ओपेनहायमर प्रकरणातून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला, पूर्वेतिहास स्वतः काहीच सांगत नाही. त्याला कोणता प्रश्न विचारला जातो, त्यावर उत्तर अवलंबून असते, आणि हा प्रश्न काळाच्या भयाप्रमाणे बदलतो. दुसरा, व्यक्तीचा भूतकाळ आणि त्या भूतकाळाविषयीचा तिचा खरेपणा या दोन निराळ्या बाबी आहेत. ओपेनहायमर यांचे तारुण्यातील संबंध क्षम्य होते. मित्राला वाचविण्यासाठी सांगितलेले असत्य अधिक गंभीर होते, परंतु ते ज्ञात असतानाच राज्याने त्यांच्याकडून सुमारे दहा वर्षे सेवा घेतली होती. तिसरा, सदोष प्रक्रियेतून आलेला निर्णय, तो बरोबर असला तरी, विश्वास निर्माण करू शकत नाही.

या प्रकरणाचे वैशिष्ट्य असे की त्यात निवाडा करणाऱ्यांत आणि निवाडा होणाऱ्यात प्राध्यापक होते. एका प्राध्यापकाचे पूर्वायुष्य तपासले जात असता दुसऱ्या प्राध्यापकाने, इव्हान्स यांनी, बहुमताच्या विरुद्ध जाऊन पुराव्याची साधी तुलना केली. १९४७ मध्ये काय ज्ञात होते व १९५४ मध्ये नवे काय कळले, एवढेच त्यांनी विचारले. विद्यार्थ्यांची चारित्र्य-प्रमाणपत्रे, नियुक्तीपूर्व अहवाल व चौकशी समित्या यांच्याशी महाविद्यालयीन अध्यापकांचा संबंध नित्य येतो. कौटिल्याने प्रत्येक परीक्षा विशिष्ट कामाशी जोडली होती. ज्या कामासाठी व्यक्ती पारखावयाची, त्या कामाशी तिच्या भूतकाळातील त्या विशिष्ट घटनेचा संबंध काय, हा प्रश्न प्रत्येक नोंदीपुढे विचारला गेला, तर पूर्वेतिहासाची कसोटी सुरक्षेला उपकारक ठरेल आणि व्यक्तीलाही न्याय देईल.